पोकेमॉन पत्त्यांचा खेळ : नियमांच्या शंका आणि त्यांची उत्तरे (सांगली–सातारा)

संगमकाठ (सांगली)

सांगलीत आम्ही काही पालक मिळून रविवारी सकाळी मुलांना पोकेमॉनचे पत्ते खेळायला एकत्र बसवतो. मुले मनापासून खेळतात, पण डाव रंगात आला की नियमावरून अडतात, कारण कोणी हा खेळ मोठ्या भावाकडून तोंडी शिकलेले असते, कोणी मोबाईलवर, तर कोणी इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ पाहून. खेळ जपानमध्ये १९९६ साली सुरू झाला आणि तेव्हापासून त्याचे नियम अनेकदा बदलले आहेत. त्यामुळे दोन मुले परस्परविरोधी गोष्टी ठामपणे सांगत असतात आणि दोघांनीही त्या कुठे ना कुठे खऱ्याच वाचलेल्या असतात.

एक ठळक उदाहरण देतो. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या टर्नला अटॅक करता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु त्याला त्या टर्नला सपोर्टर पत्ताही (मदतीच्या पत्त्यांचा एक प्रकार) खेळता येत नाही, हा नियम २०२० च्या सुरुवातीला ‘स्वोर्ड अँड शील्ड’ मालिकेबरोबर आला, आणि त्याआधीचा व्हिडिओ पाहून शिकलेले मूल तो कधीच पाळत नाही.

सांगली, मिरज, कराड, सातारा या भागात खेळणाऱ्यांनी आपल्या शंका इथे जरूर विचाराव्यात. विचारताना कोणाचा टर्न होता, अ‍ॅक्टिव्ह (लढणाऱ्या पोकेमॉनच्या) जागेवर आणि बेंचवर (मागच्या राखीव जागांवर) कोण होते, आणि पत्त्यावरचा मजकूर नेमका काय आहे, एवढे लिहावे. ‘असे चालते का’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा पत्त्यावरच छापलेले असते. नियमपुस्तक आणि पत्ता यांत विरोध आला तर पत्त्याचे ऐकायचे, हा या खेळाचा पायाभूत नियम आहे.

विश्रामबागची आई

नमस्कार दादा. माझ्या मुलाच्या डेकमध्ये (खेळायच्या गड्डीत) ६० पत्ते बरोबर आहेत, परंतु सुरुवातीच्या सात पत्त्यांत त्याला जवळजवळ दर डावाला बेसिक पोकेमॉन (थेट खाली ठेवता येणारा, पहिल्या पायरीचा) येत नाही. समोरचा मुलगा म्हणतो की असे झाले की डाव हरला. हे खरे आहे का?

संगमकाठ

नाही ताई, डाव हरत नाही. हातात एकही बेसिक नसेल तर सातही पत्ते समोरच्याला दाखवायचे, डेकमध्ये मिसळून पिसायचे आणि पुन्हा सात घ्यायचे. बेसिक येईपर्यंत हे कितीही वेळा करता येते. याची किंमत एवढीच, की जितक्या वेळा आपण पत्ते बदलले तितके जादा पत्ते समोरच्याला घेण्याची मुभा मिळते. ते घेणे त्याच्यावर बंधनकारक नाही. त्या जादा पत्त्यांत बेसिक निघाला तर तो लगेच बेंचवर ठेवता येतो. दोघांच्याही हातात बेसिक नसेल तर दोघांनीही पुन्हा वाटून घ्यायचे आणि त्याबद्दल कोणालाच जादा पत्ता नाही.

मात्र दर डावाला असे होत असेल तर अडचण डेकमध्येच आहे. मुलाच्या डेकमध्ये बेसिक किती आहेत ते कृपया मोजून सांगाल का?

विश्रामबागची आई

मोजले. चारच आहेत. बाकी सगळे चमकणारे मोठे पोकेमॉन आहेत, कारण त्याला तेच आवडतात.

संगमकाठ

मग कारण सापडले. ६० पत्त्यांत ४ बेसिक असतील तर पहिल्या सात पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते, म्हणजे शंभर डावांपैकी साठ डावांत सुरुवातीलाच पत्ते बदलावे लागणार. बेसिकची संख्या ८ केली तर ही शक्यता सुमारे ३५ टक्क्यांवर येते आणि १२ केली तर १९ टक्क्यांवर. ही आकडेमोड दहावीच्या पुढच्या कोणत्याही मुलाला कागदावर करता येईल आणि ती त्याच्याकडून करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

शिवाय हातात आलेला चमकणारा मोठा पोकेमॉन खालचा बेसिक नसेल तर खेळताच येत नाही, त्यामुळे तो पत्ता हातात नुसता अडून बसतो. एका नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते डेकमध्ये चालत नाहीत, पण बेसिक एनर्जीला (अटॅकसाठी पोकेमॉनला जोडायच्या साध्या पत्त्यांना) ही मर्यादा नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कराडकर

मी दहावीत आहे. मी हा खेळ ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या मोबाईलवरच्या खेळात शिकलो आणि आता मित्रांबरोबर खऱ्या पत्त्यांनी खेळू लागलो आहे. मित्र म्हणतात की वीकनेस (अटॅक करणाऱ्याच्या प्रकारापुढे कमकुवतपणा) असेल तर डॅमेज दुप्पट होते. फोनवर तर फक्त २० वाढते. आणि तीन गुण झाले की डाव संपतो ना?

संगमकाठ

तुझे मित्र बरोबर सांगत आहेत. पॉकेट हा ३० ऑक्टोबर २०२४ रोजी आलेला स्वतंत्र खेळ आहे. तो झटपट संपावा म्हणून मुद्दाम आटोपशीर केलेला आहे. तिथे डेक २० पत्त्यांचा, एका नावाचे दोनच पत्ते, बेंचवर तीन जागा आणि तीन गुण झाले की विजय. हातात बेसिक येईल याची सोय खेळच करून ठेवतो आणि एनर्जी डेकमध्ये घालावीच लागत नाही. वीकनेसचे डॅमेज तिथे २० ने वाढते.

टेबलावरच्या खेळात डेक ६० चा आणि बेंचवर पाच जागा असतात. सुरुवातीला प्रत्येकाने डेकमधले सहा पत्ते उपडे बाजूला ठेवायचे असतात, त्यांना प्राइझ म्हणतात. समोरच्याचा पोकेमॉन नॉकआउट केला की आपल्या प्राइझमधला एक पत्ता हातात घ्यायचा. ‘ईएक्स’ (जास्त ताकदीचा पोकेमॉन) असेल तर दोन, आणि २०२५ मध्ये आलेल्या ‘मेगा’ ईएक्ससाठी तीन. सहाही प्राइझ आधी घेणारा जिंकतो. वीकनेसला दुप्पट, आणि रेझिस्टन्स (त्या प्रकाराला प्रतिकार) असेल तर ३० वजा. बाकी अंगवळणी पडायला वेळ लागणार नाही. फक्त प्राइझमध्ये कोणते पत्ते पडले आहेत हे आपल्यालाही पाहता येत नाही, ही गोष्ट फोनवर खेळून आलेल्यांच्या लक्षात राहत नाही आणि मग ‘माझा चौथा पत्ता हरवला’ असा गोंधळ होतो.

मिरजेचा विद्यार्थी

वीकनेसचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’मधला चॅरिझार्ड ईएक्स होता आणि समोर गार्डेव्हॉर ईएक्स होती, जिचा एचपी (किती डॅमेजला पोकेमॉन पडतो तो आकडा) ३१० आहे. मी १८० चा अटॅक केला. माझे म्हणणे असे की गार्डेव्हॉरला डार्कनेसची वीकनेस आहे आणि चॅरिझार्डने मात्र फायर एनर्जी वापरून अटॅक केला, म्हणून दुप्पट होणार नाही. मी स्वतःच्या विरोधात बोलत होतो, तरी समोरचा म्हणाला की नाही, दुप्पट होईल आणि तुझा विजय आहे. आम्ही डाव तिथेच थांबवला.

संगमकाठ

समोरच्याने स्वतःचे नुकसान होत असताना खरा नियम सांगितला, त्याचे कौतुक. दुप्पटच होते. १८० चे ३६० झाले आणि गार्डेव्हॉर नॉकआउट.

वीकनेस पाहताना अटॅक करणाऱ्या पोकेमॉनचा प्रकार पाहायचा, त्याने खर्च केलेल्या एनर्जीचा नाही. तो प्रकार पत्त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चिन्हाने दाखवलेला असतो. चॅरिझार्ड म्हटले की आग, असे आपण गृहीत धरतो, परंतु हा विशिष्ट पत्ता डार्कनेस प्रकारचा आहे, फक्त त्याच्या अटॅकला फायर एनर्जी लागते. म्हणून मुलांना मी पोकेमॉनच्या नावावर न जाता कोपऱ्यातले चिन्ह पाहायला सांगतो.

याच्याच जोडीने हिशेबाचा क्रमही सांगून ठेवतो, कारण क्रम बदलला की उत्तर बदलते. आधी अटॅकवर छापलेला आकडा घ्यायचा. मग अटॅक करणाऱ्याच्या बाजूचे परिणाम, म्हणजे त्याला जोडलेले टूल (पोकेमॉनला जोडायचा मदतीचा पत्ता) वगैरे, त्यात मिळवायचे. त्यानंतर वीकनेसचा गुणाकार, मग रेझिस्टन्सची वजाबाकी, आणि सर्वांत शेवटी समोरच्या पोकेमॉनवरचे परिणाम. समजा अटॅक ५० चा आहे, टूलमुळे ३० अधिक होतात, समोरच्याला वीकनेस आहे आणि त्याची एक खास शक्ती, म्हणजेच अ‍ॅबिलिटी ३० डॅमेज कमी करते. तर ५० आणि ३० मिळून ८०, त्याचे दुप्पट १६०, त्यातून ३० वजा जाऊन १३०. जो मुलगा आधी वजाबाकी करून मग दुप्पट करतो त्याचे उत्तर १०० येते. म्हणजे ३० चा फरक पडतो आणि एवढ्या फरकात पोकेमॉन जगतो किंवा मरतो.

मिरजेचा विद्यार्थी

आभारी आहे. आणखी एक. त्याच चॅरिझार्डला मी रेअर कँडी (मधली पायरी वगळून उत्क्रांत करणारा पत्ता) वापरून थेट चारमँडरवरून आणले आणि त्याच्या अ‍ॅबिलिटीने डेकमधून तीन फायर एनर्जी जोडल्या. त्यानंतर हातातलीही एक जोडली. एका टर्नला एकच एनर्जी जोडता येते असे म्हणून मला अडवण्यात आले.

संगमकाठ

अडवणे चूक आहे. एकाची मर्यादा आपण स्वतःहून हातातून जोडतो त्या एनर्जीला आहे. पत्त्याच्या परिणामाने जोडल्या जाणाऱ्या एनर्जी त्यात मोजल्या जात नाहीत. रेअर कँडीने आणलेला चॅरिझार्डही ‘हातातून खेळून उत्क्रांत केलेला’ धरला जातो, म्हणून अ‍ॅबिलिटी मिळते.

मात्र चारमँडर त्याच टर्नला खाली ठेवलेला असेल तर त्यावर रेअर कँडी चालत नाही, आणि आपल्या पहिल्या टर्नला तर मुळीच नाही. रेअर कँडी मधली पायरी वगळण्यापुरती आहे. थांबण्याचा नियम त्यामुळे सुटत नाही.

साताऱ्याची मावशी

माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला आहे आणि त्याने मला हा खेळ शिकवला. आमचा वाद पॅरलाइज्ड या अवस्थेवरून आहे. त्याने माझ्या पोकेमॉनला पॅरलाइझ केले. मी म्हणते की त्याचा टर्न संपल्यावर दोन टर्नच्या मधली तपासणी होते, तिथेच माझा पोकेमॉन बरा व्हायला हवा. तो म्हणतो की माझा पूर्ण टर्न वाया जाणार. त्याच टर्नला माझ्या पोकेमॉनला विषबाधाही होती, तर पॅरलाइज्ड झाल्यावर ती जाते का, हेही सांगावे.

संगमकाठ

मावशी, पहिल्या मुद्द्यावर भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. हा प्रसंग क्रमाने मांडून दाखवतो, कारण या खेळातल्या निम्म्या शंका ‘कधी’ या प्रश्नाशी येऊन थांबतात.

प्रत्येक टर्न संपला की पुढचा सुरू होण्याआधी एक तपासणी असते, जिला पोकेमॉन चेकअप म्हणतात. त्यात आधी पॉइझन्ड, मग बर्न्ड, मग अस्लीप आणि शेवटी पॅरलाइज्ड असा क्रम असतो. भाच्याने त्याच्या टर्नला तुमचा पोकेमॉन पॅरलाइझ केला आणि लगेच चेकअप झाले. तिथे तो बरा होत नाही, कारण ही अवस्था तुमचा स्वतःचा एक टर्न उलटल्यानंतरच्या चेकअपला जाते. मग तुमचा टर्न आला. त्यात तुमच्या पोकेमॉनला अटॅक करता येत नाही आणि रिट्रीटही करता येत नाही. तुमचा टर्न संपला, पुन्हा चेकअप झाले आणि आता तो बरा झाला. म्हणजे नुकसान एका टर्नचे, त्याहून जास्त नाही आणि त्याहून कमीही नाही.

तो टर्न वाया जातो असे मात्र समजू नये. पॅरलाइज्ड असतानाही तुम्ही एनर्जी जोडू शकता, ट्रेनर पत्ते (पोकेमॉन आणि एनर्जी सोडून बाकीचे मदतीचे पत्ते) खेळू शकता, बेंचवर नवे पोकेमॉन आणू शकता, आणि पत्त्यावर तशी मनाई नसेल तर अ‍ॅबिलिटीही वापरू शकता. त्या पोकेमॉनला उत्क्रांत केले किंवा एखाद्या ट्रेनर पत्त्याने त्याला बेंचवर नेले तर सगळ्या अवस्था तत्क्षणी निघून जातात. ट्रेनर पत्त्याने केलेली अदलाबदल म्हणजे रिट्रीट नव्हे, त्यामुळे पॅरलाइज्ड पोकेमॉनही त्या मार्गाने सुटतो. हा मार्ग नवीन खेळाडूंना सहसा सुचत नाही.

विषबाधा जात नाही. अस्लीप, पॅरलाइज्ड आणि कन्फ्यूज्ड या तीन अवस्था पत्ता फिरवून दाखवायच्या असतात. झोपलेला पत्ता डावीकडे आडवा, पॅरलाइज्ड उजवीकडे आडवा आणि कन्फ्यूज्ड पूर्ण उलटा. एक पत्ता एका वेळी एकाच दिशेला राहू शकतो, म्हणून या तिघांपैकी जी शेवटी लागली तीच उरते. पॉइझन्ड आणि बर्न्ड यांना मात्र पत्त्यावर वेगळी खूण ठेवायची असते आणि त्या इतर कशाहीबरोबर नांदतात. विषाचा एक काउंटर (१० डॅमेजची खूण) प्रत्येक चेकअपला पडतो, म्हणजे तुमच्या टर्ननंतरही आणि भाच्याच्या टर्ननंतरही. दोघांचा एकेक टर्न होईपर्यंत २० चे डॅमेज. तो फक्त स्वतःच्या टर्ननंतर काउंटर ठेवत असेल तर तो तुम्हाला सवलत देत आहे.

साताऱ्याची मावशी

फारच स्पष्ट झाले. तो सवलत देत होता हे त्याला सांगितले, तर आता प्रत्येक वेळी आठवणीने दोन्हीकडे काउंटर ठेवतो आहे. झोपेचा छापा-काटा पण असाच प्रत्येक चेकअपला करायचा का?

संगमकाठ

होय, प्रत्येक चेकअपला. छापा पडला तर जागा होतो. म्हणून झोपवलेला पोकेमॉन समोरच्याचा टर्न सुरू होण्याआधीच उठू शकतो आणि लगेच अटॅक करू शकतो. बर्न्डमध्ये आधी दोन काउंटर ठेवायचे आणि मग नाणे उडवायचे, छापा पडला तर भाजलेपण गेले. कन्फ्यूज्डचे नाणे चेकअपला नसते, ते अटॅक करायच्या वेळी उडवायचे. काटा पडला तर अटॅक फसतो आणि स्वतःवरच तीन काउंटर पडतात.

कराडकर

ड्रॅगापल्ट ईएक्सबद्दल विचारायचे आहे. त्याचा अटॅक २०० डॅमेज करतो आणि वर समोरच्याच्या बेंचवर सहा डॅमेज काउंटर हवे तसे वाटून ठेवता येतात. माझ्या बेंचवर मॅनाफी होता, ज्याची अ‍ॅबिलिटी सांगते की बेंचवरच्या पोकेमॉनला समोरच्याच्या अटॅकमुळे होणारे सगळे डॅमेज टाळले जाते. तरी मित्राने काउंटर ठेवले आणि माझा एक पोकेमॉन नॉकआउट केला. मला हे अन्यायाचे वाटले.

संगमकाठ

तुझी नाराजी समजण्यासारखी आहे, पण मित्राचे खेळणे नियमात बसते. या शंकेवर मी जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे सर्वांत कडाक्याचे भांडण याच पत्त्यावरून होते, आणि एकदा हा भेद कळला की पुढे पन्नास पत्ते आपोआप कळतात.

अटॅकने ‘डॅमेज होणे’ आणि अटॅकच्या परिणामाने ‘डॅमेज काउंटर ठेवले जाणे’ या खेळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलावर दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, पत्त्यावर काउंटर येऊन बसतात. परंतु पहिल्यात वर सांगितलेला हिशेब होतो, म्हणजे आकडा, वीकनेस, रेझिस्टन्स आणि बचाव. दुसऱ्यात यातले काहीच होत नाही. सहा म्हणजे सहा. मॅनाफी डॅमेज अडवतो, काउंटर ठेवणे अडवत नाही. ड्रॅगापल्टच्या पत्त्यावर पहिल्या भागात डॅमेजचा आकडा आहे आणि दुसऱ्या भागात स्पष्टपणे काउंटर ठेवण्याची भाषा आहे. ही शब्दयोजना विचारपूर्वक केलेली असते.

तुझ्या डावात काय झाले असावे तेही पाहू. तुझ्या बेंचवर ७० एचपीचा आणि आधीच २० डॅमेज असलेला एखादा पोकेमॉन असेल, तर त्याला पडायला पाच काउंटर पुरतात आणि सहावा मित्र दुसऱ्या कोणावर पुढच्या टर्नची तयारी म्हणून ठेवू शकतो. ७० एचपीचा धडधाकट पोकेमॉन मात्र सहा काउंटरांत पडत नाही, त्याचे १० शिल्लक राहतात. म्हणून ड्रॅगापल्टसमोर खेळताना बेंचवरच्या कोणाला आधीच ओरखडा पडला आहे याकडे लक्ष ठेवावे.

हाच भेद टेरा ईएक्स (ईएक्सचाच एक प्रकार) पत्त्यांनाही लागतो. ते बेंचवर असताना त्यांना अटॅकचे डॅमेज होत नाही, पण काउंटर ठेवता येतात.

कराडकर

मग यावर उपायच नाही का?

संगमकाठ

आहे. ‘टेम्पोरल फोर्सेस’मधला रॅब्स्का हा पत्ता पाहा. त्याची अ‍ॅबिलिटी बेंचवरच्या पोकेमॉनना समोरच्याच्या अटॅकचे डॅमेज तर टाळतेच, पण अटॅकचे इतर परिणामही टाळते. ड्रॅगापल्टचे सहा काउंटर हा त्या अटॅकचा परिणाम आहे, म्हणून रॅब्स्का खेळात असताना ते बेंचवर ठेवताच येत नाहीत. मॅनाफी आणि रॅब्स्का यांचा मजकूर शेजारी ठेवून वाच, एका जादा शब्दसमूहाने केवढा फरक पडतो ते दिसेल. अ‍ॅबिलिटीने ठेवलेले काउंटर मात्र रॅब्स्काही थांबवत नाही, कारण त्याचा मजकूर अटॅकपुरताच आहे.

बुद्धिबळप्रेमी काका

बुद्धिबळाला वाहून घेतलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत माझी पिढी बुद्धिबळावर वाढली. मोहऱ्याला हात लावला की तो हलवलाच पाहिजे, हे आम्हाला लहानपणी पहिल्यांदा शिकवले गेले. नातवाचा खेळ पाहायला बसलो की तो पत्ता ठेवतो, उचलतो, पुन्हा दुसरा ठेवतो. या खेळात शिस्तीचा असा काही नियम नाही का?

संगमकाठ

काका, बुद्धिबळासारखा हात लावण्याचा नियम इथल्या नियमपुस्तकात नाही. आम्ही रविवारी जी पद्धत ठेवली आहे ती सांगतो. ती आमची आहे, अधिकृत नाही. लपलेली माहिती उघड झाली की चाल मागे घेता येत नाही. म्हणजे पत्ता ओढला, डेक उघडून पाहिला, नाणे उडाले, की जे केले ते केले. त्याआधी, म्हणजे एनर्जी एका पोकेमॉनवर ठेवली आणि लगेच दुसऱ्यावर ठेवावीशी वाटली, तर समोरच्याला विचारून बदलू देतो.

बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो, म्हणून तिथे हात लावण्यावर बंधन घालावे लागते. इथे बराचसा खेळ दडलेला आहे, त्यामुळे बंधन माहितीवर घालणे मला अधिक योग्य वाटते.

विश्रामबागची आई

मला थोडे वेगळे वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना समोरच्याला विचारून बदलू दिले की दांडगट मुलगा प्रत्येक वेळी बदलतो आणि शांत मूल नाही म्हणत नाही. माझ्या मुलाचे हेच होते. काकांचा नियम लहानांसाठी जास्त न्यायाचा आहे.

बुद्धिबळप्रेमी काका

ताईंशी सहमत आहे. नियम सरसकट असला की मुलाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

संगमकाठ

ताई, तुमचे निरीक्षण मला पटते. लहान गटासाठी पत्त्यावरून हात निघाला की चाल पक्की, असे ठेवून पाहता येईल. मोठ्यांसाठी मी माझ्याच पद्धतीवर राहीन, कारण तिथे एकमेकांना विचारणे हाही खेळाचा भाग असावा असे मला वाटते.

साताऱ्याची मावशी

भाच्याने इथल्या एका दुकानातून सोनेरी प्लास्टिकच्या पत्त्यांचे पाकीट घेतले. त्यावरचे आकडे फारच मोठे आहेत. ते खेळात चालतात का?

संगमकाठ

ते बनावट आहेत. अधिकृत स्पर्धेत असे पत्ते चालत नाहीत. घरी खेळायला हरकत नाही, पण त्यांच्यावरचा एचपी आणि अटॅकचा मजकूर अनेकदा मनाला येईल तसा छापलेला असतो. त्यामुळे त्या पत्त्याचा आधार घेऊन नियमाची शंका सोडवता येत नाही. त्याच नावाच्या खऱ्या पत्त्याचा मजकूर पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीत सापडतो, तो कागदावर लिहून स्लीव्हमध्ये पुढे सरकवावा आणि त्याप्रमाणे खेळावे. मुलाचा पत्ता फेकायला लावू नये, त्याने तो खाऊच्या पैशांतून घेतलेला असतो.

खऱ्या पत्त्यांतही सगळे स्पर्धेला चालतात असे नाही. पत्त्याच्या खालच्या बाजूला एक छोटे इंग्रजी अक्षर असते आणि स्टँडर्ड प्रकारात (फक्त अलीकडचे पत्ते चालणाऱ्या स्पर्धेत) कोणती अक्षरे चालतात हे वेळोवेळी बदलते. वर ज्याची चर्चा झाली त्या मॅनाफीवर ‘एफ’ आहे आणि ११ एप्रिल २०२५ पासून ‘एफ’ अक्षराचे पत्ते स्टँडर्डमधून बाहेर गेले. रविवारच्या खेळाला आम्ही ही अट लावत नाही.

मिरजेचा विद्यार्थी

दोन झटपट शंका. डेकमधून पोकेमॉन शोधून देणाऱ्या पत्त्यांबद्दल. अल्ट्रा बॉल खेळताना हातात दुसरा एकच पत्ता असेल तर चालतो का? आणि नेस्ट बॉलने डेक पाहून, बेसिक असूनही ‘सापडला नाही’ म्हणता येते का?

संगमकाठ

पहिल्याचे उत्तर नाही. अल्ट्रा बॉलव्यतिरिक्त आणखी दोन पत्ते टाकून देता आले तरच तो खेळता येतो.

दुसऱ्याचे उत्तर होय. विशिष्ट प्रकारचा पत्ता शोधायचा असेल तर तो न घेण्याची मुभा आहे, कारण डेक गुप्त आहे आणि त्यात काय आहे हे समोरच्याला तपासता येत नाही. मात्र ‘कोणताही पत्ता घ्या’ असे लिहिले असेल तर घ्यावाच लागतो. दोन्ही बाबतींत नंतर डेक पिसायचा. बेंच भरलेला असेल तर नेस्ट बॉल खेळताच येत नाही, केवळ डेक पाहण्यासाठी तो वापरता येत नाही.

मिरजेचा विद्यार्थी

समजले. आता ज्यासाठी मुळात आलो होतो ते विचारतो. काल रात्री वसतिगृहात आमच्या डावात दोघांचाही एकेक प्राइझ शिल्लक होता. माझ्या पोकेमॉनच्या अटॅकने समोरचा अ‍ॅक्टिव्ह पडला, आणि त्याच अटॅकमध्ये स्वतःला होणाऱ्या डॅमेजने माझाही पडला. दोघांनी शेवटचा प्राइझ एकदमच घेतला. माझ्या बेंचवर दोन पोकेमॉन होते, त्याचा बेंच रिकामा होता. काही जण बरोबरी म्हणाले, काही जण ज्याचा टर्न तो जिंकला म्हणाले.

संगमकाठ

तू जिंकलास, पण टर्न तुझा होता म्हणून नव्हे. एकाच क्षणी दोघांचीही जिंकण्याची अट पुरी झाली तर कोणाची अट किती मार्गांनी पुरी झाली ते मोजायचे. तू शेवटचा प्राइझ घेतलास हा एक मार्ग आणि समोरच्याकडे खेळात एकही पोकेमॉन उरला नाही हा दुसरा. त्याचा मात्र एकच मार्ग झाला, शेवटचा प्राइझ. दोनविरुद्ध एक, म्हणून विजय तुझा.

त्याच्या बेंचवर एक जरी पोकेमॉन असता तरी दोघांचा एकेक मार्ग झाला असता. मग सडन डेथ, म्हणजे नव्याने पूर्ण डाव, फक्त प्राइझ सहाऐवजी एकेक.

मिरजेचा विद्यार्थी

आणि सामना संपवणारा हा प्रसंग नसता, दोघांचेही प्राइझ बाकी असते आणि दोघांच्याही बेंचवर पोकेमॉन असते, तर आधी कोणी नवा अ‍ॅक्टिव्ह पुढे आणायचा? आम्ही यावरही अडलो होतो, कारण जो नंतर निवडतो त्याला फायदा होतो.

संगमकाठ

ज्याचा टर्न पुढे येणार आहे त्याने आधी निवडायचे. अटॅक तू केला होतास, म्हणजे पुढचा टर्न समोरच्याचा. तो आधी निवडेल आणि ते पाहून तू निवडशील.

सडन डेथबद्दल एक राहिले. तो नवा डाव असल्यामुळे त्यातही सगळे पहिल्यापासून होते, पत्ते पिसणे, नाणेफेक, सात पत्ते, बेसिक नसेल तर बदलणे. पहिला खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला अटॅक आणि सपोर्टर दोन्ही नाहीत, हा नियमही तसाच लागू राहतो.